गाणारा पाहुणा आणि पगारी गायक : पॅरिसच्या भोजनगृहांतील गाण्याचा इतिहास

मोठ्या शहरांच्या करमणूक-व्यवसायात एक संमिश्र प्रकार आज जगभर रूढ झालेला आहे. रात्रीचे जेवण, तुरुंग, जहाज, नरक, एखादा परका देश अशा एखाद्या ठरावीक कल्पनेनुसार सजविलेले दालन, त्या कल्पनेला साजेसा वेष केलेले वाढपी, रंगमंचावर कॅबरे, आणि मैफल रंगात आली म्हणजे पाहुण्यांच्याच हाती ध्वनिक्षेपक देऊन त्यांच्याकडून गाणी म्हणवून घेणारे कारओके यंत्र, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. इतिहासाचा अभ्यासक अशा स्थळांकडे सहसा वळत नाही. वळलाच तर शिष्टाचार म्हणून नाक मुरडतो. परंतु जेवणाच्या मेजाभोवती जमलेल्या माणसांत गावे कोणी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. पाहुण्याने स्वतः गावे, की पैसे मोजून दुसऱ्याचे गाणे ऐकावे, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या काळी निरनिराळे मिळाले आहे, आणि ते ठरविण्यात रसिकतेपेक्षा पोलीस, न्यायालय आणि गल्ल्यावर बसलेला मालक यांचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा मुख्यतः पॅरिस शहराच्या आधारे घेण्याचा विचार आहे. पॅरिस निवडण्याचे कारण इतकेच की ‘कॅबरे’ ही संज्ञा मूळ तिकडची, आणि तिकडच्या पोलिसांनी गाण्यांची जितकी टिपणे करून ठेविली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी ठेविली असतील.

‘कॅबरे’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ नाच किंवा गाणे असा नाही. द्राक्षमद्याबरोबर अन्नही मिळणारे गुत्तेवजा भोजनगृह म्हणजे कॅबरे. गाणे तेथे मागाहून आले, आणि आले ते गिऱ्हाइकाच्याच कंठातून.

1729 च्या सुमारास गॅले नावाच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी काही मित्र जेवणासाठी जमू लागले. गॅले स्वतः गाणी रची. अलेक्सी पिरों, शार्ल कोले आणि धाकटा क्रेबियों हे त्यातले प्रमुख. पुढे ही मंडळी ब्यूसी चौकाजवळच्या लांदेल याच्या कॅबरेत भरू लागली आणि ‘काव्हो’, म्हणजे लहानसे तळघर, या नावाने प्रसिद्धीस आली. येथे नियम असा की जेवणानंतर प्रत्येकाने आपली रचना म्हणावयाची. एकमेकांवर टोचणी लावणारी चुटके-कवने करण्याचीही प्रथा होती, आणि तीत चुकणाऱ्यास पाण्याचा पेला पाजणे ही शिक्षा असे. मद्यप्यांच्या मेळाव्यात पाणी हा दंड ठरावा यात विनोद आहे. पण त्याचबरोबर हेही दिसते की या मंडळीत श्रोता म्हणून वेगळा कोणी नव्हताच. जो जेवे तोच गाई, आणि तोच परीक्षक होई. पैसे द्यावयाचे ते अन्नाचे आणि मद्याचे. गाण्याला किंमत नव्हती.

ही मंडळी संगीतकार नव्हती, मग चाली आल्या कोठून? याचे उत्तर मराठी वाचकास चटकन समजेल. सर्वांना ठाऊक असलेल्या जुन्या चालीवर नवे शब्द बसवावयाचे आणि कागदावर कवनाच्या माथ्यावर अमुक चाल असे लिहावयाचे, ही पद्धत होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’तील (1880) पदांवर ‘चाल’ म्हणून जो निर्देश आढळतो, तोच हा प्रकार. फरक असा की फ्रेंचांनी चालींचा कोश केला. 1811 मध्ये पिएर कापेल याने ‘ला क्ले द्यु काव्हो’, म्हणजे ‘काव्होची किल्ली’, या नावाने चालींचा संग्रह छापला, आणि पुढच्या आवृत्त्यांत त्यातील चालींची संख्या दोन हजारांच्या वर गेली. प्रत्येक चालीला क्रमांक आहे. कवनकर्त्याने क्रमांक लिहिला की गाणाऱ्याचे काम झाले. संगीत तयार, शब्द मात्र ज्याचे त्याने आणावयाचे, अशी ही व्यवस्था होती. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याचे प्रयोजन पडणार आहे.

मूळ काव्हो फार वर्षे टिकला नाही, परंतु नाव टिकले. 1806 मध्ये स्थापन झालेला ‘नवा काव्हो’ मोंतॉर्गेय रस्त्यावरील ‘रोशे द कांकाल’ या भोजनगृहात दरमहा भरत असे. हे स्थळ कालवांसाठी नावाजलेले, आणि सभासदही आता खाऊन-पिऊन सुखी असे प्रतिष्ठित नागरिक. देझोजिए हा त्यांचा अध्यक्ष. खाणे, पिणे आणि प्रेम या पलीकडे या मंडळीच्या गाण्यांचा विषय सहसा जात नाही, आणि नेपोलियनच्या राज्यात तो न जाणेच शहाणपणाचे होते. 1813 मध्ये बेरांजे या मंडळीत आला आणि त्याने गाण्याची दिशा पालटली. पुढे त्याच्या गाण्यांबद्दल 1821 मध्ये त्यास तीन महिन्यांची व 1828 मध्ये नऊ महिन्यांची कैद भोगावी लागली. कैद झाली ती छापील संग्रहांबद्दल. तीच गाणी मेजाभोवती म्हटली जात तेव्हा त्यांना पकडणे दुरापास्त होते, ही गोष्ट सरकारच्याही लक्षात आल्यावाचून राहिली नाही.

काव्होच्या मेजावर जे चालले होते त्याचे अनुकरण गावकुसाबाहेरच्या आणि कारागीर वस्तीतील गुत्त्यांत अधिक जोमाने झाले. या मंडळ्यांना ‘गोगेत’ म्हणत. 1815 नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांची संख्या पॅरिस व आसपासच्या भागात शेकड्यांनी मोजावी लागते. आठवड्यातील एखादा वार ठरलेला. गुत्तेवाल्याच्या मागल्या खोलीत सुतार, लोहार, छापखान्यातील जुळारी, चांभार अशी मंडळी जमत. अध्यक्ष मेजावर हातोडी आपटून शांतता करी. ज्यास गावयाचे असेल तो आपले नाव देई. आणि त्याचे कडवे संपले की सारी खोली ध्रुवपदाला झील धरी. एमील देब्रो याच्यासारखे कवनकार या खोल्यांतूनच घराघरांत पोहोचले. ज्यांना मतदानाचा हक्क नव्हता, ज्यांचे नाव वर्तमानपत्रात कधी छापून येणार नव्हते, अशा माणसास आठवड्यातून एकदा उभे राहून आपले शब्द शंभर लोकांकडून म्हणवून घेता येत. शाळेत न गेलेल्या कारागिराच्या दृष्टीने हे केवढे मोठे होते याची कल्पना आज करावी लागते.

या गोगेतांची जी गोष्ट आपल्या विषयाशी अगदी निकट आहे ती अशी की त्यांपैकी अनेक मंडळ्यांनी स्वतःसाठी एखादी ‘कल्पना’ धारण केली होती. ‘सिराक्यूजचे मेंढपाळ’ या नावाच्या मंडळीत प्रत्येक सभासदास ग्रीक गोपकाव्यातील नाव असे. शार्ल जील याने काढलेल्या ‘प्राणिसंग्रहालय’ या मंडळीत जो तो एखाद्या पशूच्या नावाने ओळखला जाई. ‘नारकी’ या नावाच्या मंडळीत सभासद म्हणजे भुते-सैतान. बर्तो या लेखकाने 1840 च्या सुमारास गोगेतकरी कारागिराचे जे शब्दचित्र लिहिले त्यात या नरकसभेचे वर्णन येते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे ‘थीम’चे भोजनगृहच होय. परंतु येथे सजावट करण्याइतका पैसा कोणापाशीच नव्हता. खोली तीच, बाकडी तीच, मद्यही तेच पाणी घातलेले. सोंग होते ते केवळ नावाचे आणि बोलण्याचे. आठवडाभर मालकाच्या हाताखाली राबणारा माणूस एका रात्रीपुरता सैतान होई आणि सैतानासारखे गाई. टोपणनावे घेण्याच्या या प्रथेत निव्वळ खेळ होता असेही समजण्याचे कारण नाही. खबऱ्याने दुसऱ्या दिवशी पोलीस-कचेरीत काय सांगावे? सिंहाने राजाविरुद्ध गाणे म्हटले?

सरकारने उपाय केले ते कायद्याचे. 1810 च्या दंडसंहितेतील 291 व्या कलमान्वये वीसाहून अधिक व्यक्तींच्या नियमित मंडळीस सरकारी परवानगीची आवश्यकता होती. एप्रिल 1834 च्या कायद्याने, मोठी मंडळी लहान लहान तुकड्यांत विभागून हे कलम चुकविण्याची पळवाटही बंद झाली. 1848 च्या क्रांतीने काही महिने मोकळीक मिळाली; पण डिसेंबर 1851 मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकाविल्यावर त्याच महिन्याच्या 29 तारखेस निघालेल्या हुकुमाने प्रत्येक गुत्त्याचा परवाना प्रांताधिकाऱ्याच्या मर्जीवर गेला. गोगेत बंद करावयाची तर आता गाणाऱ्यास पकडण्याची गरज उरली नाही; गुत्तेवाल्यास परवान्याची आठवण दिली की पुरे. मागल्या खोलीचा दरवाजा तो स्वतःच लावून घेई. बहुतेक गोगेती अशा रीतीने बंद पडल्या. 1831 मध्ये स्थापन झालेली ‘लीस शांसोनिएर’ ही मंडळी मात्र टिकून राहिली.

गोगेतींच्या ऱ्हासाचे खापर सर्वस्वी पोलिसांच्या माथी फोडणे हे मात्र एकांगी होईल. त्याच सुमारास मालकाला अधिक किफायतशीर असा दुसरा मार्ग सापडला होता. शांझेलिझे या मार्गावरील बागांत आणि पुढे बंदिस्त सभागृहांत ‘काफे-कॉन्सेर’ निघाले. तेथे व्यासपीठ होते, वाद्यवृंद होता, आणि पगारी गायक-गायिका होत्या. प्रवेशास मूल्य नसे. पेय घ्यावे लागे, आणि ते संपल्यावर ठरावीक वेळाने पुन्हा घ्यावे लागे. व्यासपीठावर काही स्त्रिया केवळ शोभेसाठी अर्धवर्तुळात बसविलेल्या असत. गाणारे गिऱ्हाईक पीत नाही, ऐकणारे पिते, हा व्यवहारातला साधा हिशोब मालकांनी ओळखला. सरकारलाही हे सोयीचे होते, कारण पगारी गायकाच्या गाण्याची संहिता आधी मागविता येते. काफे-कॉन्सेरमधील प्रत्येक गाणे परीक्षकाकडे पाठवावे लागे, आणि ही पद्धत 1906 पर्यंत चालू राहिली. परीक्षकांकडे आलेली हस्तलिखिते आज पॅरिसच्या दप्तरखान्यांत अभ्यासकांना उपलब्ध आहेत. छाटलेल्या ओळी वाचून त्या काळच्या लोकमताचा अंदाज बांधता येतो. पण छाटण्यासाठी मुळात पाठविल्याच नाहीत अशा ओळींचे काय, हा प्रश्न संशोधकास सतावल्यावाचून राहत नाही.

1847 मध्ये या काफेंपैकी ‘आंबासादर’ येथे एक प्रसंग घडला. एर्नेस्त बुर्जे हा गीतकार मित्रांसह तेथे बसला असता व्यासपीठावरून त्याचीच रचना गायिली जात होती. पेयाचे पैसे मागितले तेव्हा त्याने नकार दिला. मालक आपल्या गाण्याचा मोबदला देत नाही, तर आपण त्याच्या पेयाचा का द्यावा, असे त्याचे म्हणणे. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल बुर्जेच्या बाजूने लागला. त्यातून 1851 मध्ये गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांची ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली, आणि सार्वजनिक ठिकाणी गायिल्या जाणाऱ्या गाण्यावर शुल्क वसूल करण्याची पद्धत सुरू झाली. या निकालाचे न्याय्यत्व वादातीत आहे. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की गाणे ही आता मालकी हक्काची वस्तू झाली. काव्होच्या मेजावर चाल सर्वांची होती. यापुढे ती कोणाची तरी असणार होती.

ज्या स्थळामुळे ‘कॅबरे’ या शब्दाला आजचा अर्थ आला ते ‘शा न्वार’, म्हणजे ‘काळे मांजर’, रोदॉल्फ सालिस याने 18 नोव्हेंबर 1881 रोजी मोंमार्त्रच्या पायथ्याशी रोशशुआर बुलेव्हारवर उघडले. जागा दोन लहान खोल्यांची. तीन वर्षांपूर्वी एमील गुदो याने विद्यार्थी-वस्तीत ‘हायड्रोपाथ’ नावाची कविमंडळी स्थापिली होती. पाण्याचा तिटकारा त्या नावातच सुचविलेला आहे, आणि पिरोंच्या मंडळीतील पाण्याच्या दंडाशी त्याचे नाते उघड आहे. ही मंडळी सालिसने आपल्याकडे वळविली. सजावट तेराव्या लुईच्या काळाची. वाढप्यांना फ्रेंच अकादमीच्या सभासदांसारखा हिरवे भरतकाम केलेला पोषाख. आणि आल्यागेल्या गिऱ्हाइकास सालिस ‘महाराज’ अशा थाटात संबोधी. मागली खोली कलावंतांसाठी राखलेली, तिचे नाव ‘इन्स्तित्यु’. 1885 मध्ये हे स्थळ लाव्हाल रस्त्यावरील मोठ्या जागेत गेले. तेथे आंरी रिव्हिएर याने जस्ताच्या पत्र्यातून कापलेल्या आकृतींचे जे छायानाट्य उभे केले ते फारच उंचीचे होते. कारां दाशचे नेपोलियनच्या स्वाऱ्यांवरील ‘एपोपे’ (1886) त्यातलेच. एरिक साती हा काही काळ तेथे पियानो वाजवी.

शा न्वारची थोरवी नाकारण्याचा हेतू नाही. तेथे कवी स्वतः उभा राहून आपले गाणे म्हणे. या अर्थी गोगेतीचा वारसा तेथे शिल्लक होता. पण खोलीचे आता दोन भाग झाले होते. गाणारे कवी एकीकडे, आणि त्यांना पाहावयास आलेले सुखवस्तू लोक दुसरीकडे. हे लोक कवीसाठी येत, आणि पैसे सालिसला मिळत. कवींना तो देई ते फार थोडे, अशी त्याची ख्याती होती.

सालिसने सोडलेल्या जुन्या जागेत आरिस्तीद ब्र्युआं याने 1885 मध्ये ‘मिर्लितों’ हे कॅबरे काढले. त्याने सालिसचे तंत्र उलटे फिरविले. गिऱ्हाइकास महाराज म्हणण्याऐवजी तो शिव्या हासडी. दार बंद असे, ते ठोठवावे लागे. आत पाऊल टाकताच सारी खोली नवागताची टर उडविणारे ध्रुवपद एकसुरात म्हणे. मग तोच नवागत पुढच्या माणसासाठी झील धरावयास तयार. गाणी असत ती शहराच्या कडेच्या दरिद्री वस्त्यांतील चोर, वेश्या, बेकार यांची, त्यांच्याच बोलीत. ज्यांची गाणी त्यांना तेथील बिअर परवडणारी नव्हती. ऐकणारे घोडागाडीतून येत, अपमान विकत घेत आणि समाधानाने परत जात. ब्र्युआंच्या सहानुभूतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण त्या वस्त्यांच्या गाण्यांवर त्याने कुर्तने येथे जमीनजुमला केला हेही खरे आहे.

याच वर्षी, 6 ऑक्टोबर 1885 रोजी, क्लिशी बुलेव्हारवर ‘ताव्हर्न द्यु बान्य’, म्हणजे ‘काळ्या पाण्याचा गुत्ता’, उघडला. आतली रचना सक्तमजुरीच्या वसाहतीतील भोजनशाळेसारखी. वाढपी सक्तमजुरीच्या कैद्यांच्या पोषाखात, पायांत बेडी. भिंतींवर कैद्यांच्या जीवनाची व कम्यूनशी संबंधित व्यक्तींची चित्रे. पॅरिसकरांनी हे स्थळ पाहण्यासाठी झुंबड केली. इतके सांगून थांबले तर ही एका चलाख दुकानदाराची युक्ती वाटेल. परंतु या गुत्त्याचा मालक माक्सिम लिस्बॉन हा स्वतः काळ्या पाण्याहून परत आलेला कैदी होता.

लिस्बॉनचा जन्म 1839 चा. सैन्यात चाकरी करून तो नटाच्या व नाटकगृहाच्या धंद्यात पडला. 1871 च्या पॅरिस कम्यूनमध्ये तो कर्नलच्या हुद्द्यावर लढला, मे महिन्याच्या अखेरच्या रक्तरंजित सप्ताहात पायाला गोळी लागून जखमी झाला, आणि जन्मभर लंगडत राहिला. लष्करी न्यायालयाने त्यास देहान्ताची शिक्षा दिली. ती पुढे जन्मभर सक्तमजुरीत बदलण्यात आली. कम्यूनच्या चार हजारांहून अधिक माणसांना न्यू कॅलेडोनिया या प्रशांत महासागरातील बेटावर पाठविण्यात आले होते. त्यांपैकी बहुतेकांना हद्दपारीची शिक्षा होती, म्हणजे बेटावर राहणे भाग होते इतकेच. लिस्बॉनसारख्या थोड्यांच्या वाट्याला मात्र चोर-खुन्यांबरोबर बेडी आली. जुलै 1880 च्या सार्वत्रिक माफीनंतर तो परतला. पाच वर्षांनी त्याने ती बेडी वाढप्यांच्या पायांत घातली आणि ज्या वर्गाने आपल्याला तिकडे धाडले त्याच वर्गाला तो तिचा देखावा तिकीट-खिडकीवरच्या भावाने दाखवू लागला.

या कृत्याचा अर्थ काय लावावा? राजकीय विडंबन म्हणावे तर गल्ला जमत होता. निव्वळ धंदा म्हणावे तर भिंतीवरची चित्रे आड येतात. लिस्बॉनचा स्वभाव नटाचा होता आणि त्याला पैशाची नड होती, या दोन्ही गोष्टी मान्य करूनही एक शक्यता उरते. कम्यूनविषयी उघडपणे बोलणे 1885 मध्येही सोपे नव्हते; न्यू कॅलेडोनियातील हाल ऐकून घ्यावयास पॅरिसचा सुखवस्तू नागरिक सभेला गेला नसता. तो जेवायला आला. काही महिन्यांतच हा गुत्ता बंद झाला, आणि लिस्बॉन दुसऱ्या उद्योगांकडे वळला. प्रस्तुत लेखकास तर असे वाटते की सोंग घेतलेल्या भोजनगृहांच्या सबंध इतिहासात सोंग आणि जीवन यांचे अंतर इतके कमी दुसरीकडे कोठेही झालेले नाही. तरीही गाणारा, बोलणारा, वेष घेणारा हा मालकाच्या बाजूचा होता. पाहुणा फक्त पाहत होता.

1890 नंतर क्लिशी बुलेव्हारवर अशा स्थळांची रांगच लागली. 1892 मध्ये आलेल्या ‘नेआं’, म्हणजे ‘शून्य’, या कॅबरेत मेज म्हणून शवपेट्या असत, आणि वाढपी प्रेतयात्रेच्या चाकरांच्या वेषात. त्याच रस्त्यावर ‘नरक’ आणि ‘स्वर्ग’ ही दोन कॅबरे शेजारी-शेजारी होती; नरकाचे दार म्हणजे जबडा पसरलेल्या राक्षसाचे मुख, आत सैतानाच्या वेषातील वाढपी, आणि स्वर्गात पंख लावलेले देवदूत. पाहुण्याने भाग घ्यावा अशी एक सोय ‘शून्या’त होती, ती अशी: एखाद्या इच्छुकास उभ्या शवपेटीत उभे करीत, आणि काचेच्या परावर्तनाच्या युक्तीने त्याचा देह हळूहळू सांगाड्यात पालटलेला इतरांना दिसे. पाहुणा पुन्हा रंगमंचावर आला खरा, पण तोंड मिटून, प्रेत म्हणून.

आता ‘नारकी’ गोगेत आणि हे ‘नरक’ कॅबरे यांची तुलना करावी. दोहोंत सुमारे अर्ध्या शतकाचे अंतर आहे. पहिल्या ठिकाणी सैतान झालेला माणूस हा पैसे देऊन पिणारा, स्वतःचे गाणे म्हणणारा कारागीर होता. दुसऱ्या ठिकाणी सैतान हा पगारी वाढपी. पहिल्या ठिकाणी सजावट नव्हती आणि मंडळीवर पोलिसांचा डोळा होता. दुसऱ्या ठिकाणी भिंतीभर प्लॅस्टरचे राक्षस, प्रवासी-मार्गदर्शिकांत शिफारस, आणि पोलिसांना त्याची काही चिंता नव्हती. सजावट वाढत गेली तसतसा पाहुण्याचा आवाज कमी होत गेला, असे या उदाहरणापुरते तरी म्हणता येते.

गोगेतीची परंपरा या काळात अगदीच नष्ट झाली नव्हती. एउजेन पोतिए हा तरुणपणी गोगेतींत गाऊ लागलेला कारागीर, पुढे कम्यूनचा सभासद आणि निर्वासित. 1883 मध्ये ‘लीस शांसोनिएर’च्या स्पर्धेत त्याला पदक मिळाले आणि विस्मृतीत गेलेले त्याचे नाव पुन्हा ऐकू येऊ लागले. त्याने 1871 मध्ये रचलेले ‘आंतरराष्ट्रीय’ हे गीत 1887 मध्ये संग्रहात छापले गेले आणि 1888 मध्ये लील येथील कामगारांच्या गायनमंडळीसाठी देगेतेर याने त्यास आजची चाल दिली. मुळात ते ‘मार्सेयेज’च्या चालीवर बांधले असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असेल तर जगातील कोट्यवधी लोकांनी म्हटलेले हे गीत काव्होच्याच पद्धतीने जन्मले, असे म्हणावे लागते.

कॅबरेचा पुढील प्रसार, म्हणजे 1901 मधील बर्लिन व म्युनिक, 1916 मधील झ्युरिक, हा सुपरिचित असल्याने येथे वर्णिलेला नाही. म्युनिकच्या ‘अकरा फाशीगरां’नी परीक्षकांची कात्री चुकविण्यासाठी आपले प्रयोग खासगी मंडळीचे म्हणून केले, एवढे मात्र नमूद करावेसे वाटते, फ्रान्समध्ये जी युक्ती कायद्याने मारली तीच येथे काही काळ उपयोगी पडली.

पाहुण्याला त्याचा आवाज परत मिळाला तो पॅरिसमध्ये नव्हे, जपानात. 1950 नंतरच्या दशकात टोकियोमध्ये ‘उतागोए किस्सा’, म्हणजे गाण्याची कॉफीगृहे, निघाली होती. तेथे अ‍ॅकॉर्डियनच्या साथीवर गिऱ्हाइके पुस्तिकेत पाहून एकत्र गात. या प्रथेचा युद्धोत्तर कामगार-चळवळीतील समूहगायनाशी निकटचा संबंध होता. गोगेतीचे स्मरण व्हावे इतके हे साम्य आहे. दुसरीकडे, मद्यगृहांतून फिरून गिऱ्हाइकाच्या गाण्याला साथ करणारे वादक होते. इनोउए दाइसुके हा कोबे शहरातील असाच एक वादक. गावाबाहेर सहलीस निघालेल्या एका गिऱ्हाइकाने त्याची साथ मागितली, तेव्हा स्वतः जाण्याऐवजी त्याने साथीची ध्वनिफीत करून दिली. त्यावरून 1971 मध्ये त्याने नाणे टाकून चालणारी अकरा यंत्रे बनवून मद्यगृहांना भाड्याने दिली. तत्पूर्वी नेगिशी शिगेइची यानेही 1967 मध्ये असे यंत्र तयार केले होते. इनोउएने एकस्वाचा हक्क घेतला नाही. ‘कारओके’ या शब्दाचा अर्थ ‘रिकामा वाद्यवृंद’. गायकाची जागा मोकळी ठेविलेले संगीत, असे त्याचे स्पष्टीकरण करता येईल.

‘काव्होच्या किल्ली’शी याचे साम्य उघड आहे, चाली क्रमांकाने लावलेल्या, जो येईल त्याने क्रमांक सांगून गावे. भेद शब्दांचा आहे. 1811 च्या कोशात शब्द नव्हते, ते गाणाऱ्याने आणावयाचे. कारओकेत शब्दही छापून समोर ठेविलेले असतात. कोबेचा कारकून गातो ते दुसऱ्याचे दुःख, दुसऱ्याचे प्रेम. गात असताना ते त्याचे होत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. गळा त्याचा, चुकाही त्याच्या. नवे शब्द आणले तरच गाणारा स्वतंत्र, अशी कसोटी लावली तर आपल्या वारीतील टाळकऱ्यासही कोणाचे तरी अभंग म्हणणारा एवढेच ठरवावे लागेल. ज्यांचे शब्द ते गातात त्या गीतकारांच्या हक्काचा प्रश्न मात्र 1847 प्रमाणेच येथेही उभा राहिला, आणि त्याचा निर्णय करताना जपानच्या सर्वोच्च न्यायालयास नेमक्या आपल्याच प्रश्नाला हात घालावा लागला.

‘क्लब कॅट्स आय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात वाद असा होता की मद्यगृहात कारओकेवर गाणारे गिऱ्हाईक स्वतःच्या आनंदासाठी, मोबदला न घेता गाते. तेव्हा शुल्क कोणाकडून मागावे? 15 मार्च 1988 रोजी न्यायालयाने निर्णय दिला. ध्वनिफिती मालकाने ठेविलेल्या, त्यांतून गाणे निवडण्याची व्यवस्था त्याची, गाण्यास आग्रह करणारे नोकर त्याचे, आणि त्या वातावरणामुळे वाढणारा नफाही त्याचा. सबब गिऱ्हाईक गात असले तरी कायद्याच्या दृष्टीने गाणारा हा मालकच होय.